हळू आवाजाचे नऊ दिवस

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं समजायला सोपं जाईल. कसबा बावड्यात आमची पिठाची गिरणी आहे. पुढे गिरणी, मागे दोन खोल्यांचं घर. आमचे हे साखर कारखान्यात पाळीने कामाला जातात, त्यामुळे गिरणी मीच चालवते. चक्की सुरू झाली की शेजारी उभ्या माणसाचंही बोलणं ऐकू येत नाही. मग आम्ही बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघून बोलतो. तोंड मोठं उघडायचं, हातवारे करायचे आणि वरून ओरडायचं. "भाकरीचं हाय, बारीक दळ" हे मला नुसत्या ओठांवरून कळतं. लग्न होऊन आले तेव्हा मी बऱ्यापैकी शांत बोलायचे असं माझी आई सांगते, पण मला काही ते आठवत नाही. आता चक्की बंद असली तरी माझा आवाज खाली येत नाही. ह्यांचाही येत नाही. आणि आमच्या गावात त्याचं कुणाला काही वाटतही नाही. इथे कुणी हळू बोलायला लागलं, तर हा काहीतरी लपवतोय असं लोकांना वाटतं.

आमची तनू ह्या गिरणीतच वाढली. धान्याच्या पोत्यावर बसून बोलायला शिकली, वजनकाट्याशेजारी बसून पाढे शिकली. घरात ती अगदी चुणचुणीत. मी चक्कीपाशी उभी राहून ओरडायचे, "तने, सात आठे?" आणि ती माझ्याकडे टक लावून बघत खणखणीत उत्तर द्यायची. शाळेत मात्र पहिलीपासून एकच रड. लक्ष नसतं. हाक मारली तर बघत नाही. सांगितलेलं पान सोडून भलतंच उघडते. श्रुतलेखनात दहापैकी एखादा शब्द बरोबर, बाकी जागा कोऱ्या. तेच शब्द मी घरी घातले की दहाच्या दहा बरोबर. दुसरीत असताना ती घरची वही घेऊन मी शाळेत भांडायला गेले होते. पोरगी हुशार आहे, तुम्हीच नीट सांगत नसाल, असं तिथल्या मॅडमना सगळ्या वर्गासमोर ऐकवून आले. पण पुढे माझ्याच डोक्यात दुसरा किडा शिरला. घरी सगळं येतं आणि शाळेत काहीच येत नाही, म्हणजे ही नाटक करते. आळशी आहे आणि वर आपल्याला फसवते.

मी अंबाबाईची भक्त आहे. दर शुक्रवारी गिरणी जरा लवकर बंद करून देवळात जाते. त्या दोन वर्षांत मी तिच्याकडे दुसरं काहीच मागितलं नाही. पोरीला अक्कल दे, तिचं चित्त अभ्यासात लागू दे, एवढंच. ओट्या भरल्या, पेढे बोलले, तिची मराठीची वही देवीच्या पायाला लावून आणली. काडीचा फरक पडला नाही. एका शुक्रवारी रांगेत उभं राहून पाय दुखले होते, त्या दिवशीच शाळेतून चिठ्ठी आली होती, आणि दर्शनाची वेळ आली तेव्हा माझं टाळकं सरकलेलंच होतं. मनातल्या मनात, पण अगदी नळावर भांडायच्या सुरात मी देवीला म्हटलं, "एवढ्या जगाचं ऐकतीस, माझंच तेवढं तुला ऐकू येत न्हाय व्हय?" आज ते आठवलं की जीभ चावते मी.

गेल्या वर्षी तनू तिसरीत होती. नवरात्राच्या आदल्या आठवड्यात शाळेने पालकांना बोलावलं. नवीन मॅडम तरुण होत्या आणि इतक्या हळू बोलायच्या की मलाच पुढे वाकावं लागलं. त्यांनी तोंडी परीक्षेचा कागद दाखवला. पाढे, कविता, प्रश्नोत्तरं, सगळीकडे शून्य. मग त्या जरा चाचरत म्हणाल्या, "रागावू नका, पण घरी तिला फार ओरडता का? ती सारखी माणसाच्या तोंडाकडे बघत असते. घाबरल्यासारखी वाटते. थोडं हळू बोलून बघा तिच्याशी." मला फार झोंबलं. माझ्यामागे चार पालक उभे होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

घरी येईपर्यंत डोकं तापलं होतं. शेजारीण दारातच उभी होती, म्हणून पिशवी खुंटीला अडकवता अडकवता मी दबक्या आवाजात विचारलं, "शाळंत तोंड शिवून बसतीस व्हय गं?" तनूकडे माझी पाठ होती. उत्तर आलं नाही. वळून बघते तर पोरगी खिडकीतून मांजराकडे बघत बसलेली. माझा तोल गेला. मी तिचा कान धरला आणि जोरात पिळला, पाठीत एक धपाटा घातला. ती रडली नाही. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "आई, परत सांग की." मला वाटलं, ही माझी चेष्टा करते. मी आणखी एक ठेवून दिली.

हे लिहायला मला लाज वाटते. पण हे सोडून बाकीचं सांगितलं तर ते खोटं होईल.

नवरात्रात आमच्याकडच्या बायका नऊ दिवस काही ना काही सोडतात. कुणी चप्पल सोडतं, कुणी गादी, कुणी एका वेळचं जेवण. मी दरवर्षी अनवाणी असते. घटस्थापनेला सकाळी देवीसमोर उभी राहिले आणि नेहमीचं मागणं ओठांवर आलंच नाही. तनूचा लाल झालेला कान तेवढा डोळ्यांसमोर येत होता. त्या मॅडमचा राग अजून पोटात होता, हेही खरं. तरी तोंडून निघालं ते असं, "आई, ह्या वर्षी चपलेबरोबर आवाजबी सोडला. नऊ दिवस आवाज चढवणार न्हाय. पोरीचं काय करायचं ते तूच बघ आता." हे ठरवून बोलले नव्हते. देवळाबाहेर आल्यावर मलाच घाम फुटला. गिरणी चालवणाऱ्या बाईने आवाज सोडायचा म्हणजे म्हशीने डुंबणं सोडण्यासारखं होतं. पण बोललेलं परत घेता येत नाही, निदान तिच्यापुढे तरी.

पहिल्या दिवशी गिऱ्हाइकांनी माझी भरपूर थट्टा केली. उपवासाचं दळण घेऊन आलेली एकजण म्हणाली, "दातखीळ बसली काय गं तुझी?" ह्यांना तर खरंच काळजी वाटली. पाळी संपवून आले, मी हळू बोलते बघून चहाचा कप तसाच ठेवला आणि म्हणाले, "घसा बसलाय काय? दवाखान्यात जाऊया चल." गिरणीत माझं काही अडलं नाही, तिथे ओठ आणि हात पुरतात. अडलं ते घरात, तनूपाशी. स्वयंपाकघरातून मी तिला जेवायला हाक मारायचे, एकदा, दोनदा, तीनदा, आणि ती जागची हलायची नाही. समईत तेल घालता घालता कपडे बदल म्हणून सांगायचे, ती गणवेशातच बसून राहायची. तिसऱ्या दिवशी राजगिरा निवडत, मान खाली घालून, हळू आवाजात तिला दहा शब्द घातले. दहापैकी दोन बरोबर. बाकी जागा कोऱ्या, शाळेतल्या वहीसारख्याच. मी काय समजावं? तर आपण नरम पडलो म्हणून ही आता घरीसुद्धा नाटकं करायला लागली. मॅडमचं ऐकून पोरगी डोक्यावर बसली, असंच मला वाटलं. दात आवळून गप्प राहिले. ते व्रत मला अनवाणी चालण्यापेक्षा हजारपट जड गेलं.

चौथ्या दिवशी दुपारी तनू माझ्याजवळ आली आणि पदर धरून उभी राहिली. "आई, तू माझ्यावर रुसलीस काय?" तिने विचारलं. "चार दिस झालं, माझ्याशी बोलत न्हाईस." मला भयंकर वाईट वाटलं आणि रागही आला. चार दिवस राग गिळून मी हिच्याशीच तर इतकं गोड बोलत होते. "बोलते की गं," मी सुपातले खडे वेचत म्हटलं, वर न बघता. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग जाऊन पोत्यावर बसली, माझ्याकडे पाठ करून. मी मनात म्हटलं, रुसली आहे ती हीच, आणि नाव माझं सांगते.

पाचव्या दिवशी, पंचमीला, अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते. ही गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असते. देवीने युद्ध जिंकलं, सगळ्यांचा मानपान झाला, आणि जिने मदत केली त्या टेंबलाईलाच बोलवायचं राहून गेलं. ती रुसली आणि गावाकडे पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. मग अंबाबाई स्वतः तिची समजूत काढायला निघाली, आणि अजून दरवर्षी जाते. तनूची सकाळची शाळा सुटल्यावर तिला तशीच गणवेशात घेऊन मी बसने टेकडीला गेले. रुसलेल्या पोरीला जरा बाहेर फिरवावं, एवढाच विचार होता. पालखी यायला अवकाश होता, गर्दी अजून वरच होती. पायऱ्यांच्या खाली, झाडाच्या सावलीत, ओटीचं सामान विकणारी एक बाई बसली होती. नारळ, खण, वेण्या, हिरव्या बांगड्यांचे जुडगे. तिच्या टोपलीशेजारी मी टेकले. तनू चार पावलं पुढे, रस्त्याकडे तोंड करून पालखीची वाट बघत उभी.

रस्त्यावर गाड्या येत होत्या. "तनू, मागं ये," मी हळू म्हटलं. ती हलली नाही. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं. चौथ्या वेळी माझ्या छातीत तो ओळखीचा जाळ उठला. पाच दिवस दाबून ठेवलेली हाक गळ्यापर्यंत आली. व्रत गेलं खड्ड्यात म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्या ओटीवाल्या बाईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"थांबा वैनी. मगाधरनं बगतोय मी."

ती उठली. टोपलीतला बांगड्यांचा एक जुडगा उचलून तनूच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिच्या उजव्या कानामागे तो खुळखुळ वाजवला. पायरीवर बसलेल्या दोन लहान मुलींनी चटकन माना वळवल्या. तनूने वळवली नाही. बाईने डाव्या कानामागे वाजवला, अगदी वेणीला लागेल इतक्या जवळ. तनू रस्त्याकडे बघत राहिली. बाई परत आली, बांगड्या टोपलीत ठेवल्या आणि भाजीचा भाव सांगावा तशा साध्या आवाजात म्हणाली, "पोरगी रुसलेली न्हाय. तिला ऐकू येत न्हाय. टेंबलाईवर बांगड्या वाजल्या आणि पोरगी वळली न्हाय, आसं हुतं व्हय कुठं? माझ्या थोरलीचं आसंच हुतं. मलाबी लई वर्सं कळलं न्हाय."

तिथे धुळीत बसल्या बसल्या एकेक दिवस माझ्या अंगावर उलटून यायला लागला. टक लावून माझ्याकडे बघणारी तनू. वहीतल्या कोऱ्या जागा. "परत सांग की." ती चेष्टा करत नव्हती, ती विनवत होती. मी तिच्याकडे पाठ करून बोलत होते, मान खाली घालून बोलत होते, आणि ती माझे ओठ शोधत होती. चार दिवस तिच्या आईचा आवाज तिच्यापुरता बंद झाला होता, आणि तिने येऊन विचारलं तेव्हाही मी सुपातून वर बघितलं नव्हतं. आणि जो कान मी पिळला, त्या कानाला मुळात ऐकूच येत नव्हतं. देवा, मी तिला कशाची शिक्षा देत होते?

माझ्या मनात आलं की तिचं नाव घेऊन एवढ्या मोठ्याने ओरडावं की सगळी टेकडी हादरेल. पण व्रत होतं. अजून चार दिवस बाकी होते. ओरडता येत नव्हतं म्हणूनच मी उठले, ती चार पावलं चालत गेले, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि तिचं तोंड माझ्या तोंडासमोर धरलं. अगदी हळू, पण गिरणीत बोलतो तसं ओठ मोठे करून म्हटलं, "मी रुसलेली न्हाय." तिने माझे ओठ वाचले. तिचा चेहरा फुलला. "मग बोलत का न्हवतीस?" ती म्हणाली. एवढ्यात लोकांची धावपळ झाली, देवीची पालखी आली. मी पालखी बघितलीच नाही. तनूला पोटाशी धरून त्या धुळीत रडत बसले.

दसऱ्यानंतर आम्ही दोघे तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. एका बंद खोलीत तिच्या कानांवर यंत्र लावलं आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. तपासणाऱ्या ताईंनी तो बारीक आवाज आधी मला ऐकवला, पाखराच्या शिट्टीसारखा, अगदी स्पष्ट. मग तोच तनूला लावला. तिचा अंगठा बटणावर तयार होता, पण तो खाली जाईना. ताई आवाज वाढवत गेल्या आणि मी त्या अंगठ्याकडे बघत राहिले. डॉक्टर म्हणाले, दोन्ही कानांना लहानपणापासून कमी ऐकू येतं, बारीक आणि हळू आवाज तर पोहोचतच नाहीत. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं त्यांनी विचारलं. आम्ही गिरणीचं सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही सगळे तोंड बघून बोलता, म्हणून ती बोलायला शिकली. आणि म्हणूनच तुम्हाला कळलं नाही." मी विचारलं, "मी कान पिळला, त्यानं झालं का?" ते नाही म्हणाले. त्या नाहीने माझं ओझं काही कमी झालं नाही. हे बाहेर बाकावर बसून राहिले, दोन्ही हातांत तोंड धरून.

शाळेत जाऊन मी मॅडमची माफी मागितली. त्या ऐकून पांढऱ्या पडल्या. फळ्याकडे तोंड करून आपण किती बोलतो, हे त्या बोटांवर आठवायला लागल्या, तेव्हा मीच त्यांचा हात धरला. त्यांनी हळू बोलून बघा म्हटलं नसतं, तर मी ते व्रत धरलं नसतं. आणि ते व्रत धरलं नसतं, तर मी आयुष्यभर ओरडत राहिले असते आणि पोरीला आयुष्यभर घरी सगळं आणि बाहेर काहीच येत नाही, असंच चाललं असतं. देवीकडे मी पोरीला बदल म्हणून दोन वर्षं हट्ट धरला. तिने माझ्याकडून माझा आवाज तेवढा मागून घेतला, आणि त्या शांततेत जे होतं ते आपोआप समोर आलं. मी काही केलं असेल तर इतकंच, की एका सकाळी थकून म्हटलं, तूच बघ.

त्या ओटीवाल्या बाईला शोधत मी पुन्हा टेकडीवर गेले. खरं सांगायचं तर मनात धाकधूक होती, ती तिथे असेल का, होती तरी का. ती तिथेच होती, त्याच झाडाखाली. मी गहिवरून सगळं सांगायला लागले. तिने मला खालीवर न्याहाळलं. "कुठली वैनी? रोज किती जण येत्यात, म्या कुणाकुणाला ध्यानात ठेवू? ओटी घ्यायची आसंल तर घ्या, न्हायतर जरा बाजूला सरा, गिऱ्हाईक खोळंबलंय." मला रडता रडता हसू आलं. मी ओटी घेतली, आणि हिरव्या बांगड्या घेऊन तिच्याच हातून भरल्या. ती देवी होती असं मी म्हणत नाही. ती एक आई होती, आणि तिने माझ्या गुडघ्यावर वेळेवर हात ठेवला.

थंडी पडायला लागली तेव्हा तनूची कानातली मशीनं आली. ती लावून घरी आणलं, त्या दुपारी चक्कीवर ज्वारीचं दळण होतं. सवय जाते कुठे? मी गिरणीतून गरजले, "तनेऽऽ!" ती धावत आली, कानांवर दोन्ही हात दाबून, कपाळाला आठ्या घालून.

"आई, वरडू नकोस की. ऐकू येतंय मला."

मी चक्की बंद केली. पट्टा फिरत फिरत थांबला. पिठाने भरलेले हात तसेच पदराला पुसायला लागले. तनूने मान वाकडी करून इकडेतिकडे बघितलं, मग माझ्या मनगटांकडे बघितलं आणि जवळ येऊन एक बोट त्या हिरव्या बांगड्यांना लावलं.

"ह्या रोज वाजत हुत्या?"

मी नुसती मान हलवली आणि हात पुन्हा हलवून दाखवला.

आता ती चौथीत आहे. तिला अजून पुष्कळ काही भरून काढायचं आहे, आणि मला त्याहून जास्त. शुक्रवारी देवळात जाते, पण आता मागणं नसतं, तक्रार नसते. रांग पुढे सरकते, देवी समोर येते, मी हात जोडते आणि बांगड्या वाजतात. तेवढंच. तिला ऐकू येतं.